हात लावा म्हणणारी बाई

अकरा वर्षं वैजयंती मांडके माणसांच्या हातांकडे बघत होती. हेच तिचं काम होतं. कॉव्हेंट्रीच्या एका म्युझियममध्ये, जुनी घड्याळं, रेशमी रिबिनींचे माग आणि गेल्या शतकातल्या मोटारी यांच्यामधल्या जागेत, ती निळा कोट घालून उभी असायची. चेहऱ्यांकडे तिचं फारसं लक्ष नसे. चेहरा माणसाला सांभाळता येतो, हाताला ते जमत नाही. हात आधी खिशातून डोकावतो, मग उगाच कानामागे जातो, मग दोरीच्या अलीकडे रेंगाळतो, आणि मालकाला पत्ता लागण्याआधी पुढे निघालेला असतो. वैजयंतीला हे पंचवीस फुटांवरून कळायचं. ती बोलायची नाही, नुसती बघायची. तेवढ्याने हात गुपचूप घरी जायचा.

"तू घरात असलीस," तिचा नवरा रवी म्हणायचा, "की मला आपलाच फ्रिज उघडताना तिकीट काढायला विसरल्यासारखं वाटतं."

मग कौन्सिलने काटकसर सुरू केली आणि म्युझियममधली सहा माणसं कमी झाली. त्यात वैजयंती होती. वय सत्तावन्न. या वयात माणसाला नवं काम मिळणं म्हणजे चालत्या बसला हात दाखवण्यासारखं. पण बस थांबली. कालव्याच्या काठावर, गिअर बनवायच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, डिजिटल आर्टचं नवं केंद्र उघडलं होतं, आणि तिथे तिला घेतलं. हुद्दा 'व्हिजिटर होस्ट'. तीन महिने ट्रायल. निळ्या कोटाऐवजी केशरी टी-शर्ट, ज्यात ती स्वतःला रस्त्याच्या कामावर ठेवलेल्या शंकूसारखी वाटायची.

पहिल्या दिवशी फिलिपाने, म्हणजे तिथल्या मॅनेजरने, तिला मोठ्या हॉलमध्ये नेलं आणि सांगितलं, "इथे एकच नियम आहे. लोकांनी हात लावला पाहिजे."

वैजयंतीला ती थट्टा वाटली. इंग्रज माणूस थट्टा करताना चेहरा हलवत नाही, हे तिला इंग्लंडातल्या तीस वर्षांत ठाऊक झालं होतं. पण फिलिपा थट्टा करत नव्हती.

हॉलमध्ये तीस फूट लांबीचं एक पांढरं कापड ताणून लावलं होतं. मागून प्रकाश येत होता. कापड लवचिक होतं. त्यावर तळहात दाबला की तळव्याखालून रंगीत धागे निघायचे आणि दुसरा हात कुठे टेकला आहे ते शोधत जायचे. सापडला की दोन्हीकडचे धागे एकमेकांत विणले जायचे, आणि बघता बघता त्यांची फीत होऊन कापडभर पसरायची. या शहरात एके काळी घरोघर रिबिनी विणत, त्याची ही आठवण म्हणे. हात काढला की वीण हळूहळू उसवायची. कुणीच हात लावला नाही तर काहीच नव्हतं. तीस फूट पांढरं, नुसतं.

सकाळी दार उघडण्याआधी कापड तपासायचं काम वैजयंतीकडे होतं. ती डाव्या कडेला तळहात ठेवायची. तिचा धागा निळसर निघायचा आणि कुणी आहे का बघत उजवीकडे जात राहायचा, जात राहायचा, आणि शेवटच्या फुटावर विरून जायचा. तिला त्याचं वाईट वाटत नसे. अजून न आलेल्या माणसांसाठी इथे जागा धरून ठेवली आहे, असं काहीतरी वाटायचं, आणि ते तिला आवडायचं. म्युझियममध्ये अकरा वर्षांत तिने एकाही वस्तूला स्वतःचा हात लावला नव्हता.

दहा वाजता दार उघडायचं. लोक यायचे. भिंतीवर फूटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कृपया हात लावा'. लोक ते वाचायचे. मग वैजयंतीकडे बघायचे. मग हात पाठीमागे बांधून, चर्चमध्ये चालावं तसे, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे आणि कॅफेत शिरायचे.

"प्लीज टच," वैजयंती म्हणायची. तिला स्वतःलाच ऐकू यायचं, की तिच्या तोंडून ते अजूनही 'डोन्ट'सारखंच निघतं.

सहाव्या आठवड्यात फिलिपाने तिला वर बोलावलं. टेबलावर बिस्किटांची बशी होती, त्यावरून वैजयंती काय ते समजली. फिलिपा वाईट बाई नव्हती. वाईट बातमी ती रिकाम्या हाताने देत नसे.

कापडामागचं यंत्र प्रत्येक तळहात मोजायचं. किती, आणि किती वेळ. त्याचा आलेख फिलिपाने स्क्रीनवर लावला. "हा मंगळवार. हा बुधवार. हा गुरुवार."

तिन्ही दिवसांची रेघ सकाळपासून जमिनीवर लोळत होती. पाऊण वाजता ती एकदम उठून उभी राहायची आणि सव्वाला पुन्हा आडवी व्हायची.

"पाऊण ते सव्वा," फिलिपा म्हणाली. "या वेळात काय होतं ते आम्हाला समजत नाहीये."

वैजयंती थोडा वेळ त्या टेकडीकडे बघत राहिली. "मी जेवायला जाते," ती म्हणाली.

फिलिपाने बशी पुढे सरकवली.

"तुम्ही काही चुकीचं करता असं नाही," ती म्हणाली. "पण ट्रायल संपताना हाच कागद मला पुढे पाठवावा लागतो. रेघ अशीच राहिली तर तुम्हाला कायम करणं मला जमणार नाही."

संध्याकाळी दियाचा फोन आला. इथेच वाढलेली मुलगी बेसिंगस्टोकला, कंपन्यांसाठी स्क्रीनची बटणं कुठे असावीत हे ठरवायच्या नोकरीत. लोक काय दाबतात आणि काय दाबत नाहीत, हा तिचा धंदाच. रवीने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

"आई, प्रॉब्लेम कापडात नाही आहे. तुझी चेहरा आहे ना, ती इमिग्रेशनसारखी आहे. यू नीड टू स्माइल. टीथ दाखव."

"दात नको," रवी म्हणाला. "दात दाखवले तर लोक छत्र्या विसरून पळतील."

"अहो, तुम्ही मेथी निवडा."

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने हसून पाहिलं. सव्वा अकरापर्यंत तिचे गाल दुखायला लागले आणि बाबागाडी घेऊन आलेल्या एका बाईने जवळ येऊन विचारलं, माझं काही चुकलं का? मग ती खांबाआड उभी राहिली. त्याने रेघ जराशी उचलली, पण दुपारी सिक्युरिटीच्या माणसाने येऊन सांगितलं की खांबामागे कुणी बाई लपली आहे अशी दोन जणांनी तक्रार केली आहे. त्यानंतर तिने पाठ करून उभं राहून पाहिलं. पाठीतूनही ती बघत असावी. लोकांचे हात खिशातच राहिले.

रविवारी दिया जेवायला आली, आणि सोबत ऑफिसमधल्या कॅलमला घेऊन आली. उंच, लाजरा, ग्लासगोचा मुलगा. शूज काढून दारात ठेवताना त्याने स्वतःचे मोजे फाटलेले नाहीत ना हे पाहून घेतलं, एवढं वैजयंतीच्या नजरेतून सुटलं नाही. बेत भरल्या वांग्यांचा होता. रवीच्या अलॉटमेंटमध्ये, म्हणजे कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या भाजीच्या तुकड्यात, काचेच्या झोपडीत, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच वांगी धरली होती.

"त्याला ऑबर्जीन आवडत नाही, आई," दिया दारातच म्हणाली. "फोर्स करू नको. प्लीज."

"मी कुठे काय म्हणतेय?"

आणि खरंच ती काही म्हणाली नाही. भात वाढला, वरण वाढलं. मग पातेलं घेऊन ती रवीशी बोलू लागली, की यातलं एक वांगं तळाला लागलंय वाटतं, तुम्हाला तर सगळंच चालतं, तुम्हाला विचारून काय उपयोग. बोलता बोलता एक छोटं वांगं कॅलमच्या ताटाच्या कडेला आलं. "तुला कळेल," ती त्याला म्हणाली, पण बघत होती पातेल्यात. "जळल्याचा वास येतोय का एवढं सांग. नाहीतर टाकून देते सगळी."

कॅलमने वास घेतला. मग जबाबदारीने एक तुकडा खाल्ला. मग म्हणाला की जळलेलं नाही. मग उरलेलंही खाल्लं. वैजयंती तोवर दियाशी कोथिंबिरीबद्दल बोलत होती. दुसरं वांगं ताटात कधी आलं ते त्याला कळलं नाही. तिसऱ्याच्या वेळी त्याने हात आडवा धरला. ती म्हणाली, "बरं, अर्धं," आणि अख्खं वाढलं. चौथं त्याने स्वतः घेतलं.

पाहुणे गेल्यावर रवी भांडी विसळत होता. "त्या पोराला तू चार वांगी घातलीस," तो म्हणाला, "आणि एकदा म्हणून त्याच्याकडे बघितलं नाहीस."

"जेवणाऱ्याच्या हाताकडे बघायचं नसतं. घास अडकतो."

हे ती सहज म्हणाली. मिरजेच्या घरात लहानपणी पंगतीत मीठ वाढायला लागली तेव्हापासून आई तिला हेच सांगत आली होती. वाढणाऱ्याने ताट बघावं, काय संपलं ते बघावं, माणसाला एकटं सोडावं. आणि विचारायचं तर मुळीच नाही. विचारलं की माणूस नको म्हणतो; नको म्हणणं हे त्याचं कर्तव्य असतं. हातातली ताटली पुसता पुसता वैजयंती थांबली. फडकं तिने खांद्यावर टाकलं आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

"काय झालं?" रवीने विचारलं.

"काही नाही. सहा आठवडे मी लोकांना जेवायला बोलावतेय, आणि समोर उभी राहून त्यांचे घास मोजतेय."

सोमवारी तिने भिंतीजवळची आपली जागा सोडली. कापडाच्या डाव्या कडेला जाऊन तळहात टेकवला, आणि कापडाकडेच बघत राहिली. साडेदहाला फुटबॉल क्लबचा आकाशी मफलर घातलेला एक जाडजूड गृहस्थ आत आला.

"टॉयलेट कुठे आहे?"

"कॅफेच्या मागे. येताना माझं एक काम कराल? तो पलीकडचा कोपरा जरा दाबून बघा. माझा हात तिथवर पोचत नाही."

तो आला. माणूस मदत टाळत नाही, विशेषतः टॉयलेटचा रस्ता सांगितलेल्या बाईची. त्याने एक बोट टेकवलं.

"अख्खा हात लागेल," वैजयंती निळ्या धाग्याकडे बघत म्हणाली.

त्याने अख्खा हात ठेवला. त्याच्या तळव्याखालून विटकरी धागे निघाले, चाचपडत डावीकडे आले, आणि मधोमध, कुणीच उभं नव्हतं तिथे, दोघांची वीण सुरू झाली.

"हं," तो म्हणाला. जरा वेळाने, "हात काढू का?"

"आत्ता कुठे लागलंय. जरा वर सरकवा."

"बायको गाडीत बसली आहे."

"मग त्यांना का उपाशी ठेवता? बोलवा त्यांना."

बायको आली ती रागातच आली. तिला वैजयंतीने मधल्या ठिकाणी उभं केलं, कारण मधली वीण सैल पडतेय, असं ती म्हणाली. आग्रहात एवढं खोटं चालतं. पंचवीस मिनिटांनी ते जोडपं निघालं तेव्हा बाई नवऱ्याला सांगत होती की तुझ्या बाजूची सगळी वाकडी होती.

पुढचे सहा आठवडे वैजयंतीने त्या हॉलमध्ये पंगत चालवली. कॉलेजच्या पोरांना ती म्हणायची, तुम्हाला नाही जमणार, उंची कमी पडते. एकट्या माणसांना कोपऱ्यात सोडत नसे. त्यांना मधे घ्यायची, म्हणजे दोन्हीकडचे धागे त्यांच्याकडे येतील. निघालेल्या माणसाला 'एकच मिनिट' म्हणायची, आणि ते मिनिट कोथिंबिरीच्या जुडीसारखं असायचं, दिसायला एक पण सुटं केलं की पुरून उरणारं. ती कुणाकडेही बघत नव्हती, आणि त्यामुळे तिला पहिल्यांदाच काही दिसत होतं. माणसं हात ठेवतात तेव्हा आधी घाबरतात. मग पलीकडून कुणीतरी येतंय हे दिसल्यावर त्यांचा श्वास बदलतो. तो तिला न बघता ऐकू यायचा.

एका गुरुवारी रवी आला. सोबत अलॉटमेंटमधला त्याचा शेजारी संजय. रवी हात मागे बांधून, तज्ज्ञासारखी मान हलवत उभा राहिला.

"अहो, इथे तरी हात पुढे करा," वैजयंती कापडाकडे बघत म्हणाली.

"मी नुसता बघायला आलोय."

"बघायला आमच्याकडे काही नाही. वहिनींना घेऊन नाही आलात, संजयभावजी?"

"ती क्रॉयडनला, बहिणीकडे. मी लावतो की हात. रव्या, लाव रे, बायकोसमोर कसली लाज?"

रवीने तळहात टेकवला. वैजयंतीचा निळा धागा सरळ त्याच्याकडे गेला. रवीचा हिरवा धागा जरा घुटमळला, वळला, आणि उजवीकडे, तांबडा कोट घातलेल्या एका अनोळखी बाईच्या हाताकडे निघून गेला.

संजयला हसू आवरेना. "यंत्र आहे," रवी म्हणाला. "जो हात जवळ तिकडे जातं. नियम आहे तो."

"मी काही बोलले का?" वैजयंती म्हणाली. "मी आठ फुटांवर आहे. तीस वर्षं आठ फुटांवरच आहे."

रवी दोन पावलं डावीकडे सरकला. मग आणखी दोन.

ट्रायलच्या शेवटच्या शुक्रवारी फिलिपाने तिला वर बोलावलं. या वेळी टेबलावर बशी नव्हती. वैजयंतीने त्याचा चांगला अर्थ लावला आणि खुर्चीत आरामात बसली. स्क्रीनवरची रेघ सकाळी दहापासून चढत होती, दिवसभर उंचावर चालत होती, आणि फक्त पाऊण ते सव्वा खड्ड्यात पडत होती.

"एक तक्रार आहे," फिलिपाने सुरुवात केली. "एका वकिलाची. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना चाळीस मिनिटं जाऊ दिलं नाही आणि त्यांची ट्रेन चुकली. खाली त्यांनी लिहिलं आहे की पुन्हा येतील." ती हसली नाही. "पण मला दुसरंच विचारायचं आहे. डाव्या कडेला एकच हात आहे. रोज. पाच-पाच तास. तो कुणाचा?"

"माझा."

"तुम्ही स्वतः दिवसभर कापड दाबून धरता?"

यंत्र सगळेच हात मोजतं, तिचाही मोजत असणार, हे वैजयंतीच्या डोक्यात आलंच नव्हतं. अकरा वर्षं दुसऱ्यांचे हात धरले तिने. आता तिचाच धरला गेला होता.

"मी रेघ वाढवायला नव्हता ठेवला," ती म्हणाली. "कुणीतरी आधी बसल्याशिवाय पंगत सुरू होत नाही."

फिलिपाला पंगत कळली नाही. "मी तुमच्यावर आरोप करत नाहीये. पण हा कागद वर गेला की पहिला प्रश्न हाच येईल. लोक यांच्यामुळे हात लावतात, की या स्वतःच लावतात?"

"मग खाली चला," वैजयंती म्हणाली. "मी हात पाठीमागे ठेवते. तुम्ही मोजा."

खाली हॉलमध्ये शुक्रवार दुपारची विरळ गर्दी होती. वैजयंती डाव्या कडेला गेली आणि तिने हात पाठीमागे बांधले. समोर तीस फूट पांढरं. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत पाटी वाचत होते, एक बाई मुलीला घेऊन कॅफेकडे चालली होती. पहिलं पान वाढायला तिच्याजवळ आज काहीच नव्हतं. मग तिला दिसलं की या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त उपाशी माणूस कोण आहे. बारा आठवडे फिलिपाने या कापडाचे आलेख पाहिले होते. कापडाला तिचा हात एकदाही लागला नव्हता.

वैजयंतीने तिच्याकडे बघितलं नाही.

"फिलिपा, तेवढी मधली जागा सैल पडल्यासारखी वाटते का बघता? मला आज हात लावायचा नाही, म्हणून."

"इथे?"

"जरा वर. अख्खा हात."

फिलिपाने वही काखेत धरली आणि तळहात ठेवला. पिवळे धागे निघाले, डावीकडे गेले, उजवीकडे गेले, कुणी सापडेना.

"अरेरे," वैजयंती काठीवाल्या गृहस्थांच्या बाजूच्या रिकाम्या जागेला म्हणाली, "तिथे कुणीतरी हवं होतं."

गृहस्थांनी काठी डाव्या हातात घेतली. छोटी मुलगी आईचा हात सोडून धावत आली आणि तिने दोन्ही हात टेकवले, मग कपाळही टेकवलं. आई तिला मागे ओढायला आली ती तिथेच राहिली. पिवळ्यात करडा शिरला, करड्यात नारिंगी. दारातून आलेले दोघे तिघे काय चाललंय बघत थांबले, आणि "तुमच्या बाजूची कड सुटतेय," असं कुणीतरी, बहुतेक काठीवाले गृहस्थच, त्यांना म्हणाले. वैजयंतीचे हात पाठीमागेच होते.

फिलिपाचा फोन कोटात वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजला.

"अडीचची मीटिंग," ती म्हणाली. तिने हात जरासा उचलला, तशी नारिंगी वीण मधूनच उसवू लागली.

"नाही," छोटी मुलगी म्हणाली.

फिलिपाने हात परत टेकवला. वही काखेतून खाली पडली. तिने ती उचलली नाही.

"पत्र सोमवारी मिळेल," ती मान न वळवता म्हणाली. "कायम केल्याचं. तक्रारीचं उत्तर मी लिहीन. तेवढा फोन जरा घेता?"

वैजयंतीने तिच्या खिशातून फोन काढला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं, की फिलिपा कामात आहे, थोडा वेळ लागेल, आणि तुम्ही वरच बसला असाल तर खालीच का येत नाही.